अण्णा पहाटे तीनला मशीन का काढतात?

प्रश्न : माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ६३ वर्षांचे आहेत. ते आईसोबत कराडजवळच्या गावी राहतात, मी पुण्यात. त्यांचं घोरणं फार जुनं, पण गेल्या वर्षापासून दिवसा बसल्या जागी डुलकी लागायला लागली, बीपीही आटोक्यात येईना. स्लीप स्टडी केली तेव्हा तासाला ३८ वेळा श्वास अडतो असं निघालं. डॉक्टरांनी सीपॅप मशीन दिलं. त्यात सिमकार्ड आहे, त्यामुळे रात्री किती तास मशीन लावलं हे डॉक्टरांना आणि मशीन देणाऱ्या एजन्सीला दिसतं. ॲपवर मलाही दिसतं. बहुतेक रात्री चार-साडेचार तास भरतात, पण पहाटे तीनच्या सुमारास ते मशीन काढून ठेवतात. मी फोन करून विचारलं तर चिडतात : "माझ्या झोपेवर आता तू हजेरी घेणार का?" या मशीनला नक्की काय काय कळतं? असं लांबून लक्ष ठेवण्याचा खरंच उपयोग होतो का? आणि एजन्सीचा माणूस म्हणतो चार तास झाले की पुरे, ते बरोबर आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पहाटेच्या तीनचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे. मला तुमच्या पत्रात सगळ्यांत मोलाचं तेच वाटलं. तिथे येतोच. आधी मशीनला काय दिसतं ते सांगतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. स्लीप ॲप्निया असलेल्यांत जीभ आणि मऊ टाळू मागे सरकून श्वासाची वाट बुजवतात. सीपॅपमधला छोटा ब्लोअर खोलीतली हवा ओढतो आणि नळीतून दाबाने नाकात सोडतो. त्या दाबाने वाट आतून उघडी राहते. मशीन नीट चालायचं तर किती हवा आत गेली आणि किती बाहेर आली हे त्याला क्षणोक्षणी मोजावंच लागतं. श्वासाची ही लाट दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ सपाट झाली, की एक अडथळा मोजला जातो. तो अडथळा घसा मिटल्यामुळे आला, की मेंदूनेच श्वास घ्यायला सांगितलं नाही म्हणून, हे ओळखायला काही मशीन त्याच वेळी हवेचे अगदी बारीक ठोके देऊन पाहतात. वाट उघडी असली तर ठोके आत पोचतात, मिटलेली असली तर तिथूनच परत फिरतात. माणसाला यातलं काही जाणवत नाही.

सकाळी डॉक्टरांच्या स्क्रीनवर पोचतं ते एवढंच : मास्क किती वाजता चढला, किती वाजता उतरला, मधे किती वेळा निघाला, दाब किती लागला, मास्कच्या कडेने हवा किती निसटली, आणि मशीन लावूनही तासाला किती अडथळे उरले. बोलण्याचा आवाज नाही, फोटो नाही. खरं तर झोपसुद्धा नाही. अण्णा मास्क लावून तासभर टीव्ही बघत बसले तरी मशीन तो तास वापरातच धरेल, कारण त्याला फक्त श्वास कळतो. सगळ्या मशीनमध्ये सिमही नसतं. काहींची माहिती ब्लूटूथने मोबाइलमध्ये उतरते, काहींच्या स्क्रीनवर क्यूआर कोड येतो, आणि बऱ्याच मशीनमध्ये नुसतं एक छोटं कार्ड असतं, ते दवाखान्यात नेऊन दाखवावं लागतं.

ही मोजणी करायची वेळ का आली, तेही सांगायला हवं. १९८० साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार पहिल्यांदा करून पाहिला तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती आणि मास्क रुग्णाच्या नाकावर सिलिकॉनने चक्क चिकटवला होता. त्याआधी तीव्र ॲप्नियावर खात्रीचा इलाज एकच, गळ्यातून श्वासनलिकेला भोक पाडणं. त्यामुळे पाच रुग्णांवरचा त्यांचा लेख १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला तेव्हा वैद्यकजगात केवढी खळबळ उडाली असेल! पहिल्याच रात्री गुण देणारे उपचार फार थोडे असतात, हा त्यातला एक. मग पुढची दहा-बारा वर्षं डॉक्टरांनी असंच धरून चाललं, की एवढा गुण येतोय म्हणजे लोक मशीन लावतच असणार.

१९९३ साली अमेरिकेत ३५ रुग्णांच्या मशीनमध्ये वेळ मोजणारी यंत्रणा बसवून पाहिलं. शेकडा ६० जण म्हणत होते, आम्ही रोज रात्री लावतो. मोजलं तेव्हा निम्म्याहून कमी रुग्ण, शेकडा ४६, दहापैकी सात दिवस किमान चार तास मशीन लावत होते. हे लोक खोटारडे होते असं मी अजिबात मानत नाही. अर्ध्या झोपेत हाताने मास्क ओढून काढला जातो आणि सकाळी त्याची आठवणच नसते. माझ्याकडेही रुग्ण अगदी मनापासून सांगतात, "डॉक्टर, रात्रभर लावलं होतं." मग रिपोर्टमध्ये मास्क दीडलाच उतरलेला दिसतो आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटतं. गोळी घेतली की नाही हे आठवतं. झोपेत घडलेलं आठवणार कसं?

आता तुमचा मुख्य प्रश्न, लांबून लक्ष ठेवण्याचा उपयोग होतो का? होतो, पण तो कशामुळे होतो ते बघण्यासारखं आहे. २०१८ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कैसर परमनंटे या रुग्णालयांच्या संस्थेत १४५५ रुग्णांवर एक चांगला अभ्यास झाला. काहींना नेहमीसारखी सेवा दिली, काहींना इंटरनेटवरून आजाराची आणि मशीनची माहिती, काहींच्या मशीनचा वापर लांबून पाहून त्यांना आपोआप निरोप, आणि काहींना दोन्ही. तीन महिन्यांनी नेहमीच्या सेवेतले लोक रात्री सरासरी ३.८ तास मशीन लावत होते. नुसती माहिती मिळालेले ४ तास, म्हणजे फरक नगण्यच. निरोप मिळालेले ४.४ तास आणि दोन्ही मिळालेले ४.८ तास. तासाभराचा हा फरक तुम्हाला लहान वाटेल, पण रोजच्या रोज रात्री तासभर जास्त उपचार मिळणं ही लहान गोष्ट नाही.

त्या निरोपांत एक विशेष होतं. ते फक्त मशीन न लावणाऱ्यांना जात नव्हते, चांगलं लावणाऱ्यांनाही शाबासकीचा निरोप जायचा. आणि तो लगेच जायचा, अडचण ताजी असताना. आपल्याकडची पद्धत अशी असते, की मशीन दिलं आणि महिन्याने या म्हटलं. तेवढ्यात माणसाचं मन ठरून गेलेलं असतं. या विषयावर अनेक वर्षं काम केलेल्या टेरी वीव्हर यांना दिसलं होतं, की कोण मशीन नियमित लावणार आणि कोण टाळणार याची घडी पहिल्या आठवड्यातच बसते. म्हणून मला मनापासून वाटतं, मशीन विकलं त्या दिवसापासून पहिला महिनाभर रिपोर्ट कोण बघणार आणि फोन कोण करणार, त्या माणसाचं नाव आणि नंबर रुग्णाच्या हातात कागदावर असायला हवा. सिमकार्ड माहिती पाठवतं. ती माहिती सकाळी कुणी उघडून बघितलीच नाही, तर त्या सिमचा रुग्णाला काय उपयोग?

२०१९ साली अशाच लांबून गोळा केलेल्या २६ लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. रात्रीची सरासरी ५.१ तास निघाली, आणि दर चारपैकी तीन जण ठरलेल्या किमान मर्यादेच्या वर होते. म्हणजे 'हे मशीन कुणी लावतच नाही' हा समज खरा नाही.

ती किमान मर्यादा म्हणजे तुमच्या एजन्सीवाल्याचे चार तास. मूळ १९९३ च्या त्या अभ्यासात नियमित वापर कशाला म्हणायचं याची एक रेघ ओढायची होती, म्हणून दहापैकी सात रात्री चार-चार तास असं धरलं गेलं. पुढे अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने तीच रेघ पैसे देण्यासाठी घेतली : पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांतल्या शेकडा ७० रात्री, चार तास. आजार त्या रेघेवर थांबत नाही. वीव्हर यांच्या २००७ च्या अभ्यासात दिवसाच्या झोपाळूपणाची स्वतःची तक्रार कमी व्हायला चार तास पुरले. प्रयोगशाळेत मोजलेला झोपाळूपणा कमी व्हायला सहा तास लागले, आणि दिवसाची कामं नीट व्हायला साडेसात. हृदयरोग किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २७१७ रुग्णांचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१६ साली आला, त्यात भारतातले रुग्णही होते. सीपॅपमुळे हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक कमी झालेले दिसले नाहीत. पण त्यात मशीनचा सरासरी वापर होता रात्री ३.३ तास. नुसत्या तासांमुळे तसं झालं की आणखी कशामुळे, यावर तज्ज्ञांत अजून चर्चा चालू आहे. तरी अर्ध्या रात्रीच्या उपचारातून पूर्ण रात्रीच्या फायद्याची अपेक्षा धरता येत नाही, एवढं मी नक्की म्हणेन.

आता तीन वाजण्याकडे येतो. रात्रभर झोप सारखी नसते. सुरुवातीला गाढ झोप जास्त, आणि स्वप्नांची झोप, जिला आम्ही रेम म्हणतो, ती पहाटेकडे वाढत जाते. रेममध्ये शरीराचे स्नायू सर्वांत सैल पडतात, घशाचेही. त्यामुळे बहुतेक रुग्णांत सर्वांत लांब अडथळे आणि ऑक्सिजनची मोठी घसरण याच वेळी दिसते. अण्णा साडेदहाला झोपून तीनला मास्क काढत असतील, तर त्यांचे साडेचार तास भरतात आणि एजन्सीच्या कागदावर ते पास होतात. पण रात्रीचा सगळ्यांत धोक्याचा भाग उपचाराशिवाय जातो. बीपी अजून हलत नसेल तर त्याचं एक कारण हेही असू शकतं. म्हणून तास मोजण्यापेक्षा तीनला काय होतं ते शोधा.

रिपोर्टमध्ये त्याची खूण बहुतेक सापडते. डॉक्टरांकडून किंवा एजन्सीकडून एका रात्रीचा सविस्तर आलेख मागून घ्या. त्यात लीकची, म्हणजे निसटलेल्या हवेची, एक रेघ असते. समजा ती रात्रभर खाली होती आणि पावणेतीनला एकदम वर गेली, आणि दहा-पंधरा मिनिटांनी मास्क उतरला. (एका मोठ्या कंपनीच्या मशीनमध्ये मिनिटाला २४ लिटरपर्यंतचं लीक चालतं, त्यावर गेलं की तक्रार.) याचा अर्थ तोंड उघडलं किंवा मास्क सरकला, डोळ्यांवर गार हवेचा झोत आला आणि झोपमोड झाली. मग अण्णांना भरघोस मिशी आहे का, रात्री कवळी काढून ठेवतात का, नाक चोंदतं का, हे विचारायचं. कवळी काढली की गाल बसतात आणि तोंडावर मोठा मास्क असेल तर त्याची कड धरत नाही. नाक चोंदलं की तोंड उघडतं. नाकाचा उपचार, मास्कचं वेगळं माप किंवा प्रकार, पट्टे थोडे सैल किंवा घट्ट, एवढ्याने गाडी रुळावर येते. पट्टे करकचून आवळणं हा मात्र उपाय नव्हे, नाकाच्या दांड्यावर जखम होते आणि लीक वाढतंही.

लीक नाही, पण दाबाची रेघ चढत चढत वरच्या मर्यादेला भिडलेली दिसली, तर श्वास सोडताना गुदमरल्यासारखं होत असेल. त्यावर मशीनमध्येच सोय असते, श्वास सोडताना दाब थोडा उतरवण्याची. सिम असलेल्या मशीनची सेटिंग डॉक्टरांच्या सांगण्यावरून लांबूनही बदलता येते, त्यासाठी कराडहून पुण्याला खेप घालायची गरज नसते. फोनवरून किंवा व्हिडिओवरून असा सल्ला द्यायला २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी डॉक्टरांना रीतसर वाट दिली आहे.

आणि दोन्ही रेघा शांत असून रोज त्याच सुमारास मास्क उतरत असेल, तर माझा पहिला अंदाज लघवीचा. त्रेसष्टीच्या पुरुषाला पहाटे उठावं लागतंच, शिवाय उपचार नसलेला ॲप्निया स्वतःच रात्रीची लघवी वाढवतो. माणूस उठतो, मास्क काढतो, जाऊन येतो, आणि झोपेच्या गुंगीत ते पट्टे पुन्हा चढवायचा कंटाळा करतो. पुष्कळ लोकांचं उत्तररात्रीचं मशीन केवळ यामुळे सुटतं आणि कुणी विचारत नाही म्हणून ते सांगतही नाहीत. बहुतेक मास्कची नळी एका खटक्यात सुटते. मास्क तोंडावरच ठेवायचा, नुसती नळी काढून जाऊन यायचं, परत आलं की नळी जोडायची. आईंनाही ते एकदा दिवसाउजेडी दाखवून ठेवा.

गावात रात्री लाइट जाते का, हेही बघा. आलेखात मशीन मधेच एकदम बंद पडलेलं दिसेल. इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावर आरामात चालतं. पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर तेवढा बंद ठेवला की बॅटरी जास्त वेळ पुरते. पावसाळ्यात आणि थंडीत नळीत पाणी साठून नाकात थेंब येतात. त्या वेळी ह्युमिडिफायर एखाददोन आकडे खाली आणायचा आणि नळी पांघरुणाखालून घ्यायची.

आता हजेरीबद्दल. अण्णांचा राग मला पटतो. कोण किती तास झोपतो हे माणसाचं अगदी आतलं आहे. ते तुमच्या मोबाइलवर, एजन्सीच्या ऑफिसात आणि परदेशातल्या कुठल्या कंपनीच्या संगणकावर जातं, तर कुणालाही अवघडल्यासारखं होणारच. अमेरिकेत मशीन न लावणाऱ्यांचे विम्याचे पैसे थांबतात. फ्रान्समध्ये २०१३ साली सरकारने तसाच आदेश काढला होता. प्रकरण तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेलं आणि २०१४ मध्ये आदेश रद्द झाला, कारण असं करण्याचा अधिकार मंत्र्यांना कायद्याने दिलेलाच नव्हता. म्हणजे तुमच्या वडिलांची तक्रार एकट्याची नाही. आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचा पाया माणसाची संमती हा आहे. ही संमती अण्णांची हवी, तुमची नव्हे. मशीन घेताना कसल्या फॉर्मवर सही झाली, माहिती कुणाकुणाला दिसते, आणि मास्क-फिल्टर विकायला ती वापरली जाते का, हे एजन्सीला अण्णांच्या समोर स्पष्ट विचारा. उत्तर आवडलं नाही तर सिमवरून माहिती पाठवणं बंद करून कार्डवर काम भागवता येतं. उपचार त्यामुळे थांबत नाही.

ॲपबद्दल मी एक सुचवू का? ते तुमच्या मोबाइलवरून काढा आणि अण्णांच्या मोबाइलवर टाका. स्वतःच्या रात्रीचा आकडा आधी त्यांना दिसू दे. २०१८ सालच्याच एका मोठ्या पाहणीत स्वतःच्या वापराचे आकडे ॲपवर बघणाऱ्या रुग्णांपैकी शेकडा ८७ जणांनी ती किमान मर्यादा गाठली होती, न बघणाऱ्यांपैकी शेकडा ७०. ॲप घेणारे मुळातच जास्त उत्साही असणार, त्यामुळे सगळं श्रेय ॲपचं नाही. तरी स्वतः बघणं आणि दुसऱ्याने दाखवणं यातला फरक घरातल्या कुणालाही ठाऊक असतो. मग तुमच्या फोनवर "काल साडेचारच तास झाले" हे वाक्य नको. "अण्णा, तीनला जाग कशाने येते? नाक कोरडं पडतं का? मास्क टोचतो का?" एवढं विचारा. आणि एखादी रात्र पूर्ण गेली असेल तर तेही आवर्जून बोला.

आईंशीही बोला. अण्णांचं घोरणं आणि मधेच थांबणारा श्वास इतकी वर्षं त्यांनीच ऐकला आहे. पहाटे मास्क निघाल्यावर घोरणं परत सुरू होतं का, हे त्याच सांगू शकतील.

हा आजार आपल्याकडे दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या, नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या ६५८ धडधाकट पुरुषांची पाहणी केली होती. २००४ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत शेकडा ७.५ जणांना झोपेतल्या अडथळ्यांसोबत दिवसा झोपाळूपणाही होता. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ मध्ये गेले तेव्हा डॉक्टरांनी या आजाराचं नाव घेतलं आणि पुष्कळांनी ते पहिल्यांदा ऐकलं. तासाला ३८ अडथळे म्हणजे तीव्र गट, तो ३० पासून सुरू होतो. त्यामुळे अण्णांनी मशीन सोडून देणं मला अजिबात परवडणारं वाटत नाही. दिवसा डुलक्या येत आहेत तोवर गाडी किंवा ट्रॅक्टर त्यांनी चालवू नये, यावर मात्र तुम्ही ठाम राहा, चिडले तरी. बीपीच्या गोळ्या चालू ठेवायच्या, मशीनमुळे त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

येत्या आठवड्यात एवढं करा. आलेख मागवा, अण्णांना शेजारी बसवून डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावा आणि बोलणं तीन वाजण्यापासून सुरू करा. मास्क तेव्हा हाताशी ठेवा. अण्णांना तो चढवून आडवं व्हायला सांगा, कारण बसल्यावर नीट बसलेला मास्क कुशीवर वळलं की सरकतो, आणि ते डॉक्टरांना स्वतः बघू दे.